कारण : जिन्यावरून पडणे

डॉक्टर दमयंतीने इद्रिसच्या डाव्या मनगटाभोवतीचा व्रण फूटपट्टी लावून मोजला, मग उजव्या मनगटाभोवतीचा. दोन्ही सारखेच रुंद होते. बांधणारा नीटनेटका माणूस असावा.

उजव्या हाताची बोटं मात्र मिटत नव्हती. इद्रिस न्हावी होता, आणि कात्री धरता न येणाऱ्या न्हाव्यासाठी त्याचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, या महिन्यापुरताच थांबणार होता. मग इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द, आणि परत सुदान. ऑपरेशन झालं तर बोटं मिटण्याची आशा होती.

तिने विम्याचा अर्ज उघडला. ‘इजेचं कारण’ या रकान्यात सोळा पर्याय होते. उंटाच्या लाथेला स्वतंत्र ओळ होती. सगळ्यात खाली ‘युद्ध’.

“तो नको, मॅडम,” कादिर म्हणाला. रत्नागिरीकडचा कादिर आखातातल्या मलाझ वस्तीतल्या त्या दवाखान्यात वीस वर्षं विम्याचे अर्ज आणि पेशंटांचं अरबी, दोन्ही सांभाळत होता. “युद्धावर टिक केलंत की खलास. ऑपरेशन नामंजूर. पडला म्हणून लिहा. जिन्यावरून.”

“पडून दोन्ही मनगटांना दोरीचे वळ?”

“दोरीवर पडला.”

दमयंती हसली नाही. “नक्की काय झालं, ते तरी विचारा त्याला.”

कादिरने विचारलं. इद्रिस बराच वेळ बोलला, शेजारच्या दुकानात घडलेलं सांगावं तसा.

“सुदानच्या लढाईत एका गटाने ह्याला दोन दिवस छताला टांगला. का, तर दुसऱ्या गटातल्या लोकांच्या दाढ्या केल्या. मग ते पळाले, दुसरे आले. त्यांनी चार दिवस टांगला. का, तर पहिल्यांनी जिवंत सोडलाच कसा? धाकटा भाऊ बाजूलाच टांगलेला होता. तो गेला.”

दमयंतीने चष्मा पुसला. आजवर तिने खोटं कारण लिहिलं नव्हतं. निदान इतकं ढळढळीत नाही. तिने ‘पडणे’वर क्लिक केलं. किती पायऱ्या, असं अर्जाने विचारलं.

“बारा घाला,” कादिर म्हणाला. “जास्त घातल्या तर मेला कसा नाही, विचारतात.”

प्रिंट निघाली. नियमाप्रमाणे कादिरने ती इद्रिसला अरबीत वाचून दाखवली. इद्रिस पहिल्यांदाच हसला, आणि काहीतरी बोलला.

“काय म्हणतोय?”

कादिर कागदाच्या कडा जुळवत राहिला.

“कादिरभाई.”

“सोडताना त्या दुसऱ्या गटानेही ह्याच्याकडून हेच लिहून घेतलं होतं. जिन्यावरून पडलो. भावाच्या मरणाचंही तेच कारण.” त्याने कागद टेबलावर ठेवला. “म्हणतो, बरं झालं. कागद जुळतात.”

दमयंतीने कागद आपल्याकडे ओढला.

पेन धरणं इद्रिसला जमत नव्हतं. त्याने कुणी न सांगताच शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला होता, आणि कागदाची वाट बघत तो तसाच पुढे धरला होता.