दोर विस्टिनच्या हातात

प्रवासी जहाजावरून हलका दोर खाली आला आणि धक्क्यावर आपटला, तरी विस्टिनची मान वरच होती.

"अरे गाठ, दोर खाली पडलाय. वर कुणाला शोधतोस?" त्याच्या जोडीचा साल्वू म्हणाला. "तुझी पोरगी फीना काय खुर्ची टाकून ऊन खात बसली असेल? तळमजल्यात चादरी धुतेय ती."

विस्टिनने दोर ओढला, मागोमाग आलेला जाड दोर लोखंडी खुंट्यावर चढवला. व्हालेट्टाच्या बंदरात चौतीस वर्षं तो जहाजं धक्क्याला बांधत आणि सोडत आला होता. एकदाही चूक नाही, म्हणून सगळे त्याला 'गाठ' म्हणत. ऑक्टोबरात तो निवृत्त होणार होता.

फीना लहान असताना तो तिला धक्क्यावर घेऊन यायचा. "मी दोर सोडल्याशिवाय एकही जहाज हलत नाही," असं सांगायचा. पोरीला वाटायचं, आपला बाप बंदराचा राजा. पुढे ती जहाजावरच कामाला लागली, आणि तिला घेऊन जाणाऱ्या जहाजाचा दोर यानेच सोडला. त्याला तीन वर्षं झाली. ती आज पहिल्यांदा परत आली होती, तीही पाच वाजेपर्यंत. पलीकडच्या काठावर, बोर्मलात, बायको चेट्टा सकाळपासून लाकडी सज्जात बसून होती. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरता येत नव्हता.

तीन वाजता फीना उतरली. वाळली होती. पायांत कामाचे पांढरे बूट, हाताला साबणाचा उग्र वास.

"साडेचारला परत चढायचंय, पा."

"दीडच तास? सकाळपासून काय करत होतीस?"

"दोन हजार टॉवेल," ती हसली. "माणसं गाव बघायला उतरतात, टॉवेल थोडेच उतरतात?"

"जा, आई वाट बघतेय. मला येता येणार नाही, एक मालवाहू जहाज लागतंय."

"आणि उशीर झाला तर? मे महिन्यात मुकादम होणार आहे मी. आज चुकले तर संपलंच सगळं."

"मी दोर सोडल्याशिवाय एकही जहाज हलत नाही."

दोघंही हसले. तिने त्याच्या कॉलरला लागलेलं ग्रीस अंगठ्याने पुसायला घेतलं. ते निघालं नाही. मग ती होडीत बसली. तीन वर्षांनंतर त्याच्या वाट्याला आली ती एवढीच, एक सिगारेट जळून जाईल इतकी.

तटावरची चारची तोफ झाली. सव्वाचार. साडेचार झाले. जहाजाच्या दाराशी उभा असलेला अधिकारी घड्याळ बघू लागला. विस्टिनने घरी फोन लावला. चेट्टाने उचलला नाही. फीनाचा लागेना.

न येवो, असं त्याला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं. जहाज जाईल, पोरगी आपल्या खाटेवर झोपेल, सकाळी स्वयंपाकघरात तिचा आवाज येईल. आपण फक्त वेळेवर दोर सोडायचा. कुणी बोट दाखवणार नाही.

पाण्यावर होडी नव्हती. तेवढ्यात मालवाहू धक्क्याला लागलं.

त्याचा दोर त्याच खुंट्यावर यायचा होता. एका खुंट्यावर दोन जहाजं आली, की नंतरच्या दोराचा फास आधीच्या फासातून खालून वर काढायचा आणि मग चढवायचा. म्हणजे कोणतंही जहाज आधी सोडता येतं. नुसता वरून टाकला, की खालचं जहाज अडकलंच. हे नव्या पोरालाही पहिल्या दिवशी शिकवतात.

विस्टिनने फास वरून टाकला. मालवाहूने दोर ताणून घेतला.

"खालून घे, विस्टिन! खालून!" साल्वू धावत आला. मग त्याने विस्टिनचं तोंड पाहिलं, रिकाम्या पाण्याकडे पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून तिथेच उभा राहिला.

पावणेपाचला रेडिओवर मुख्याचा आवाज फुटला. "खालचा दोर का सुटत नाही? कुणा गाढवाने वरून टाकलाय हा?"

"मी टाकलाय म्हणून सांगतो," साल्वू पुटपुटला.

"तू गप्प बस." विस्टिनने बटण दाबलं. "मी टाकलाय."

"गाठ? तू?"

"म्हातारा झालो, साहेब. मालवाहूला दोर ढिला करायला सांगा."

मालवाहूवरची माणसं शिव्या घालत परत आपल्या जागी आली. फीनाच्या जहाजावरचे लोक कठड्याशी जमून गंमत बघू लागले. पाचला पाच कमी असताना होडी आली. फीना पायऱ्या चढून धावत सुटली. पायांत विस्टिनच्या घरात घालायच्या जाड लोकरी सपाता, फटक फटक वाजणाऱ्या.

"आईने बूट लपवले!" ती रडत होती आणि हसतही होती. "पा, सापडलेच नाहीत!"

"पळ!"

अधिकारी तिच्यावर ओरडला, पण त्याने तिला आत घेतलं. दारात ती वळली. बापाकडे बघायच्या आधी तिने खुंट्याकडे पाहिलं. दोन दोर, एकावर एक. तिला लहानपणापासून कळत होतं ते. तिचा हात वर झाला, तोच दार मिटलं.

मालवाहूचा दोर ढिला पडला. विस्टिनने त्याचा फास काढून बाजूला टाकला, मग खालचा उचलला. तो रोजच्यापेक्षा जड नव्हता. पाण्यात पडला, वर ओढला गेला, आणि जहाज आणि धक्का यांच्यामध्ये हिरवं पाणी दिसू लागलं.

तो घरी पोचला तेव्हा दिवे लागायचे होते. टेबलावर भाजलेल्या मॅकरोनीचे दोन तुकडे कापलेले, एक अर्धा खाल्लेला.

"मिळालं तिला जहाज?" चेट्टाने सज्जातून, तोंड न वळवता विचारलं.

"मिळालं."

"तू सोडलंस?"

"दुसरं कोण सोडणार?"

तिने सज्जाची खिडकी लोटून घेतली. मग म्हणाली, "ओव्हनमध्ये आहेत."

विस्टिनने ओव्हन उघडला. आतली ऊब अजून गेली नव्हती. त्याने पांढरे बूट बाहेर काढले, ओल्या फडक्याने टाचा पुसल्या, नाड्या सैल केल्या. मग स्वतःचे बूट काढून, सवयीने, दाराशी सपाता शोधल्या. त्या नव्हत्या.

त्या रिकाम्या जागी त्याने फीनाचे बूट ठेवले आणि अनवाणीच सज्जात जाऊन बसला.