निशिगंधाचे अकरा सेकंद

दर बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन झाली की मथुराबाई अश्वजितच्या फोटो स्टुडिओत यायची आणि आपली मेलेली मुलगी पाहून जायची.

ऐकायला कसंतरीच वाटतं, पण फुलसावंगीत याचं कोणाला नवल उरलं नव्हतं. मुलगी म्हणजे निशिगंधा. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळही गेलं. सासरच्यांनी सहा महिन्यांत पोराचं दुसरं लग्न उरकलं, आणि नवी सून घरात यायच्या आत पहिलीचा अल्बम, मोबाईल, साड्या सगळं कुठं गेलं ते त्यांनाच ठाऊक. मथुराबाईकडे उरला तो आधार कार्डावरचा फोटो. आता आधार कार्डावर कोणाचं तोंड कोणाला ओळखू आलंय का आजवर? तो पाहून ती म्हणायची, ‘‘हे माही पोरगी नोहे, कोणीतरी भेदरलेली बाई आहे.’’

खरी निशिगंधा होती अश्वजितच्या कंप्युटरमध्ये. अकरा सेकंद. सहा वर्षांपूर्वी त्याने बायकोच्या मामेबहिणीचं लग्न शूट केलं होतं, त्यातला तुकडा. पंगत बसलेली. एकोणीस वर्षांची निशिगंधा वरणाची बादली घेऊन येते, वाकून वाढते, हात भरलेले म्हणून मनगटाच्या मागच्या बाजूने कपाळावरचे केस सारते. मग तिला कॅमेरा दिसतो. हातातलं वरण वाढायचं वगराळं उगारून ती ‘हट’ करते आणि खळखळून हसते. तेवढ्यात नवरदेव आला म्हणून अश्वजितने कॅमेरा तिकडे वळवला, संपलं. लग्नाची फिल्म बांधताना तो तुकडा त्यानेच कापला होता. नवरदेवाच्या घरच्यांना वरण वाढणारी पोरगी कशाला हवी? पण कच्चं शूटिंग त्याने पुसलं नाही. काहीच पुसायचं नाही ही त्याची खोड. बायको ममता त्यावरून त्याला रोज बोलायची, पण तीच खोड या माउलीच्या कामी आली.

त्याने एकदा फोटो छापून द्यायची तयारी दाखवली होती. मथुराबाई नको म्हणाली. ‘‘कागदावरची हालत नाही बाबू.’’ पेन ड्राइव्ह द्यावा, तर तिच्याकडे बटणाचा फोन, लावणार कुठं? म्हणून ती यायची. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसायची. आणि कंप्युटर असा म्हातारा झालेला की ते फोल्डर उघडायला वीस-वीस मिनिटं घ्यायचा. पडद्यावर ते गोल चाक फिरत राहायचं. अश्वजित ओशाळायचा, पण तिची काही तक्रार नसे. चाकाकडे टक लावून म्हणायची, ‘‘फिरून राह्यलं म्हणजे येऊन राह्यली. येऊ दे सावकाश.’’

एका बाजाराला मात्र निशिगंधा मनगट कपाळाला लावून तशीच थिजली. आतून डिस्क कर्र कर्र करायला लागली. मथुराबाई खुर्चीतून उठलीच. ‘‘आता गं! काय झालं तिले?’’ कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला तेव्हा कुठं पोरगी हसली.  पण ही डिस्क आज ना उद्या कायमची बंद पडणार, हे अश्वजितला त्या आवाजावरून कळलं. धंद्याचंही सगळं तिच्यातच होतं म्हणा. पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यासमोर धंदा नव्हता, एवढं त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तो यवतमाळला गेला. तिथं भारत राठोड हा त्याचा कॉलेजचा मित्र कंप्युटरचं दुकान चालवत होता. भारतने काउंटरवर दोन एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीच्या वेगवान डिस्क, ठेवल्या, दोन्ही काडेपेटीहून थोड्या मोठ्या.

‘‘हे पाह्य. दोन्हीत जागा एक टीबी. हा स्वस्त आहे, पण मोठी फाइल टाकली का सुरुवातीले पळते अन् मंग दमते. तुह्या व्हिडिओच्या कामाले नाही चालत. हा दुसरा घे. भाव जास्त आहे, पण शेवटपर्यंत एका चालीनं लिहिते, अन् पाच वर्षांची वॉरंटी.’’

अश्वजितने ऑनलाइन पाहिलेली एक डिस्क काढून मोबाईल पुढे केला. ‘‘अन् हा? दोन टीबी. तुह्या एका टीबीच्या निम्म्या भावात.’’

भारतने नाव वाचलं आणि मोबाईल परत दिला. ‘‘हे नाव मी आजवर आयकलं नाही. अबे, दोन टीबीची चिपच या भावात येत नाही, तं हा पुरा डब्बा कसा देईन? अशा डब्ब्यात साधं मेमरी कार्ड अस्ते. कंप्युटरले खोटंच सांगते, मी दोन टीबी आहो म्हून.’’

‘‘मंग लोकं काय येडे आहेत? चार हजार जणांनी स्टार देल्ले.’’

‘‘लोकं पाकीट फोडल्याबरोबर स्टार देतेत, डिस्क भरल्यावर नाही देत. अन् एक आयक. कोणताही घे, पण जुनी डिस्क सहा महिने कपाटात ठेव. कोणाले देऊ नको.’’

इतकं स्वच्छ सांगितलं होतं हो! पण अश्वजितला वाटायचं, आपल्याला कोणी गंडवू शकत नाही. मित्र झाला तरी दुकानदारच, स्वतःचा माल खपवणारच. ‘‘विचार करून सांगतो,’’ म्हणून तो एसटीत बसला, आणि वाटेतलं आर्णी यायच्या आत त्याने दोन टीबीची ऑर्डर दाबलीसुद्धा.

पार्सल आलं. भारतकडे न्यायला तोंड नव्हतं, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ पाहून त्याने स्वतःच डिस्क बसवली. सगळं कॉपी व्हायला दीड दिवस लागला. मग त्याने दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले. फाइली तितक्याच, त्यांचं जीबीतलं वजन तितकंच, एकाचाही फरक नाही. वरचे तीन फोल्डर, या वर्षीच्या लग्नांचे, उघडून पाहिले. बोट लावायचा अवकाश की व्हिडिओ चालू! ‘‘भारत्या मोठा शहाणा,’’ तो हसून म्हणाला.

ममता चहा घेऊन आली होती. तिने विचारलं, ‘‘मथुरामावशीचं पाह्यलं का?’’

‘‘अवो, सगळं आलं तं थे नाही येणार?’’

बस. दोन मिनिटांचं काम होतं. यादीत खाली जाऊन ते एक फोल्डर उघडायचं होतं. त्याने चहा प्यायला.

समोर नानाजीचं कृषी केंद्र. त्यांच्याकडचे फवारणीचे पंप चोरीला गेल्यापासून त्यांनी चार कॅमेरे बसवले होते, पण रेकॉर्डिंगच्या पेटीला डिस्क नव्हती. कॅमेऱ्याला जुनी डिस्क चालते, सगळीकडे तेच करतात. नानाजी म्हणाले, ‘‘तुह्याकडची जुनी पडूनच आहे ना?’’ आणि अश्वजितने ती दिली. वर पैसेही घेतले नाहीत. स्वतः जाऊन बसवून दिली. पेटीने विचारलं, आधीचं सगळं पुसू का? ज्या माणसाने आयुष्यात काही पुसलं नव्हतं, त्याने ‘हो’ दाबलं.

पुढच्या बाजाराला मथुराबाई आली नाही. ताप होता म्हणे. त्याच्या पुढच्या बाजाराला आली. पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावत होती.

‘‘या मावशी, आज गंमत पाहा,’’ अश्वजित तोऱ्यात म्हणाला. ‘‘आता बसाचं काम नाही. पापणी लवाच्या आत येते.’’

त्याने फोल्डर उघडलं. खरंच क्षणात उघडलं. फाइलींची नावं ओळीने उभी होती. त्याने त्या फाइलीवर बोट दाबलं. पडद्यावर चौकट आली, फाइल उघडता येत नाही. पुन्हा दाबलं. तीच चौकट. बाजूची फाइल दाबली, तिच्या खालची, मग दुसऱ्या लग्नाची, मग त्याआधीच्या. नावं होती, वजन होतं, आत काही नव्हतं. फक्त वरचे काही फोल्डर जिवंत होते. भारतने सांगितलेल्या त्या कार्डात जागा होती तेवढे बसले होते, पुढचं सगळं त्या डब्याने घेतल्यासारखं केलं आणि फेकून दिलं. 

मथुराबाई पडद्याकडे पाहत होती. ‘‘चाक तं फिरलंच नाही बाबू,’’ ती म्हणाली. ‘‘चाक फिरल्याबिगर कशी येईन थे? फिरू दे. मले घाई नाही.’’

‘‘मावशी, आज... आज मशीन बिघडली. पुढच्या बाजारी या.’’

‘‘होते का दुरुस्त?’’

‘‘हो,’’ तो म्हणाला. खोटंच बोलला. तिच्या तोंडाकडे पाहून त्याच्याच्याने दुसरं काही बोलवेना.

ती बसूनच होती आणि तो रस्ता ओलांडून पळाला. नानाजी कावले. ‘‘डिस्क काढली तं माहे कॅमेरे बंद पडतीन ना!’’ अश्वजितने हात जोडले, नवीन आणून देईन म्हणाला, आणि पेटी उघडून डिस्क काढली. ती गरम होती. गेले तेरा दिवस ती एक क्षणही थांबली नव्हती. तिला रुमालात गुंडाळून, दुसऱ्या हातात ती नवी डबडी घेऊन तो पहिल्या गाडीने यवतमाळला निघाला. वाटभर एकच गोष्ट त्याचं डोकं खात होती. दोन वर्षं ती क्लिप समोर होती. स्वतःच्या मोबाईलमध्ये घ्यायला काय लागलं असतं?

भारत रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नवी डबडी स्क्रू काढून उघडली. आत बोटाच्या नखाएवढं मेमरी कार्ड चिकटवलेलं होतं, आणि वजन वाटावं म्हणून लोखंडाची पट्टी. ‘‘याच्यातून काय निघंन?’’ तो म्हणाला. ‘‘यानं लिहिलंच नाही. नुस्ती नावं लिहून ठेवली.’’

मग जुनी डिस्क लावली. तीन तास दोघे पुसलेल्या फाइली शोधण्याचा आकडा पुढे सरकताना पाहत बसले. दुपार उलटली. भारतने शेवटी खुर्ची मागे ढकलली.

‘‘कॅमेऱ्याची पेटी गोल फिरते भाऊ. भरली का सुरुवातीपासून पुन्हा लिहिते. चार कॅमेरे, तेरा दिवस. पुरी भरून वरून दुसरी फेरी चालू झाली होती. मागच्या बाजारी आणली असती तं अर्धं तरी काढून देलं असतं.’’

मागच्या बाजाराला मथुराबाईला ताप होता. अश्वजितने डोक्याला हात लावला.

‘‘काहीच नाही?’’

‘‘जे आहे थे हे.’’ भारतने डिस्कवरचं शेवटच्या काही मिनिटांचं रेकॉर्डिंग लावलं. नानाजीच्या दुकानासमोरचा रस्ता. उन्हात एक म्हातारी हातात पिशवी घेऊन येत होती, पिशवीतून मेथी डोकावत होती. ती थांबली, पदर नीट केला, आणि रस्ता ओलांडून स्टुडिओच्या दिशेने गेली. मुलगी पुसून त्या जागेवर तिला पाहायला निघालेली आईच लिहिली गेली होती. अश्वजित तिथंच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, लहान पोरासारखा रडला.

घरी आल्यावर ममता सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, ‘‘मावशीले तुमीच सांगा. मी नाही सांगत.’’

पुढचा बाजार आला. मथुराबाई आली, खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेतली. आज अश्वजितने काहीच लपवलं नाही. भारतने काय सांगितलं होतं, आपण काय घेतलं, जुनी डिस्क कोणाला दिली, ‘हो’ कोणी दाबलं, सगळं सांगितलं. ‘‘मावशी, मीच घालवली तिले. तुमी मले चपलीनं मारा.’’

मथुराबाईने मांडीवरची पिशवी सरळ केली. मग तिने विचारलं, ‘‘म्हणजे आता चाक नाही फिरणार?’’

‘‘नाही मावशी.’’

तरी ती उठली नाही. काळ्या पडद्याकडे पाहत बसून राहिली. ‘‘बादली घेऊन येते,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘वाकते. उजव्या पायावर जोर देते, लहानपणापासूनची सवय तिची. मंग...’’ आणि तिचा हात आपोआप वर गेला. मनगटाच्या मागच्या बाजूने तिने कपाळावरचे पांढरे केस मागे सारले.

अश्वजित पाहतच राहिला. तेच मनगट, तोच वळसा. पोरीने ते आईकडून घेतलं होतं, आणि दोन वर्षं दर बाजाराला ही बाई त्याच्यासमोर बसत होती तरी त्याला ते दिसलं नव्हतं. तो धडपडत उठला आणि कपाटातून कॅमेरा काढला.

‘‘मावशी, तसंच करा पुन्हा. अकरा सेकंद फक्त. मी काढून ठेवतो. तीन-तीन जागी ठेवतो, तुमची शपथ.’’

मथुराबाईने कॅमेऱ्याकडे पाहिलं. तिने हात उगारला, अगदी निशिगंधाने वगराळं उगारलं होतं तसा. पण हसली नाही.

‘‘माहा कायले काढतं बाबू?’’ ती म्हणाली. ‘‘तिले पाहाले मी येत होती. मले पाहाले कोण येईन?’’

तिने पिशवी उचलली आणि ती पायरी उतरून गेली. समोर नानाजीचे कॅमेरे नव्या डिस्कवर चालू झाले होते.