सर्दीतला श्वास

आमच्या बाईंची ती रेकॉर्ड निघाली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तिच्यातल्या शेवटच्या लांबलचक ओळीत, ऐन मध्यावर, बाई एक श्वास घेतात. त्या श्वासावर रसिक जीव ओवाळून टाकतात. आम्ही शिष्यांनी तर तो जसाच्या तसा उचलला. थोरले, म्हणजे बाईंचे पहिले शिष्य, त्यावर तासभर भाषण ठोकतात. त्यांना त्यात विरह की काय तो ऐकू येतो.

मागच्या महिन्यात स्वयंपाकघरात मटार सोलताना बाई मला म्हणाल्या, "अगं, कसला विरह? सर्दीनं नाक चोंदलं होतं माझं."

दम पुरला नाही आणि रेकॉर्डिंगवाल्याने पुन्हा गाऊ दिलं नाही. ओळ मुळात त्यांनी एका दमात बांधली होती. पण लोकांनी इतकं डोक्यावर घेतलं, की खरं सांगायला त्यांची जीभ रेटेना. आणि आता छातीत तेवढा दम उरलेला नाही.

"एकदा अख्खी ऐकायची आहे," एवढं बोलून त्या पुन्हा मटारांकडे वळल्या. त्या रात्रीपासून मी ती ओळ एका दमात घोटायला घेतली.

बाईंच्या सत्कारात शेवटचं गाणं माझं होतं, तेच रेकॉर्डमधलं. श्वास न घेता गाणार म्हटल्यावर थोरल्यांनी मला वेड्यात काढलं. सभागृहात सगळे जाणकार. हिला बाईंनी काही शिकवलंच नाही म्हणतील, बाईंचीच शोभा होईल, असं त्यांचं म्हणणं. माणूस रटाळ असला तरी भीती खरी होती. शिवाय ओळ घरी कधी जमायची, कधी शेवटच्या स्वराला माझी फेफे उडायची.

कार्यक्रमात ती जागा आली. पहिल्या रांगेत बाई शाल घट्ट धरून बसल्या होत्या. साथीदार सवयीने थबकला, मी पुढे गेले, तो धावत येऊन मला मिळाला. छाती फुटायची बाकी होती, पण ओळ काठाला लागली.

टाळी पडली नाही. "चुकली," थोरले पुटपुटले. त्यांचं पुटपुटणं मागच्या दारापर्यंत पोचतं.

"ती नाही, मी चुकले होते," बाई म्हणाल्या. "ओळ अशीच आहे."

मला रडू आवरेना. बाईंनी शाल सैल केली आणि पाठ खुर्चीला टेकली.

"रडतेस काय, पुन्हा म्हण. मघाशी काळजीनं नुसती तुझ्याकडे बघत होते. आता ऐकते."