शिंप्याचा उजवा डोळा

मित्रांनो, मी एक जुना, बनवलेला डोळा आहे. मला दिसत काहीच नाही. ऐकू मात्र सगळं येतं. एका कारागिराने रंग जुळेपर्यंत माझं बुबुळ पुन्हा पुन्हा रंगवलं, लाल रेशमाच्या तंतूंनी शिरा केल्या, आणि मी एका तरुण शिंप्याच्या उजव्या खोबणीत जाऊन बसलो.

"तान्हेपणी काडी लागली," असं त्याच्या आईने त्याला सांगितलं होतं. एका डोळ्यावर तो अशी सरळ शिलाई मारायचा की गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तर, दुसरा हवाय कशाला?" तोही हसायचा.

पुढे त्याला मुलगी झाली. ती रांगू लागली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, उजेड पडला की हिच्या डोळ्यातली बाहुली पांढरी दिसते." आजीने, म्हणजे शिंप्याच्या आईने, विषय उडवून लावला. "बाळांचे डोळे चमकतातच गं!" काही महिने तसेच गेले. मग डोळा सुजला. पोर रडून आकांत करू लागली.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि शिंप्याला विचारलं, "तुमचा डोळा कशाने गेला?"

"काडी लागली होती."

"काडी नव्हती रे," मागून आजी म्हणाली. "कर्करोगाची गाठ होती. लोक नावं ठेवतील म्हणून बोलले नाही."

मग डॉक्टरीणबाई हळूहळू समजावू लागल्या. "पेशींची वाढ आवरणारं एक जनुक असतं. एक प्रत आईची, एक वडिलांची. तुमची बिघडलेली प्रत हिच्यात आली. डोळ्यातल्या एखाद्या पेशीत दुसरी प्रतही बिघडली, की त्या पेशीला लगाम राहत नाही आणि गाठ होते. यात तुमचा दोष नाही. पण माहीत असतं, तर जन्मापासून तपासत राहिलो असतो."

गाठ मेंदूपर्यंत पोचली होती. औषधांनी पोरीचे केस गेले, हसू गेलं. शेवटी ती बापाच्या मांडीवरच गेली.

"आई, एकदा सांगितलं असतंस..." एवढंच तो म्हणाला.

नंतर मुलगा झाला. बिघडलेली प्रत त्याच्यातही निघाली. पण पहिल्या आठवड्यापासून तपासण्या होत्या. बारीकशी गाठ दिसताच लेसरने जाळली. त्याला दिसतं. तरी प्रत्येक तपासणीच्या आधी घरात कुणाला घास उतरत नाही.

मित्रांनो, बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली तर वाट पाहू नका. घरातला आजार पोटच्या पोरांपासून लपवू नका. आजी आता कपडे शिवायला टाकणाऱ्या प्रत्येक लेकुरवाळीला हेच सांगते. नातीचा विषय निघाला, की मात्र ती उठून आत जाते.