दोनशे दहानंतर दोनशे तेरा

मी एक लढाईचं पुस्तक बोलतोय. दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास, पानं सहाशे चाळीस, छपाई पुण्याची. माझ्यात सेनापतींची नावं आहेत, त्यांच्या लाडक्या कुत्र्यांचीही आहेत. शिपायांचे नुसते आकडे. हे छापताना कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

माझे पहिले मालक सोलापुरातले एक प्राध्यापक. सेनापतींच्या नावांखाली ते लाल पेन्सिलीनं रेघा मारायचे. ते गेले आणि तेराव्याच्या आत मुलांनी मला रद्दीत घातलं. पुढं दोन उन्हाळे मी नवी पेठेत फुटपाथवर काढले. लोक उचलायचे, रणगाड्याचं चित्र बघायचे, परत टाकायचे.

मग ऋतुजा आली. मंगळवेढ्याकडची, कॉलेजात शिकणारी. तिथंच उकिडवी बसून तिनं इटलीचं अख्खं प्रकरण वाचलं.

"ताई, घ्या की. हितंच पाठ करताय व्हय?" दुकानदार म्हणाला.

दोनशे अकराव्या पानावर ती थबकली. घरच्या पत्र्याच्या पेटीतल्या लष्करी कागदाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता, तो उघडून तिनं ताडून पाहिला. कंपनीचा नंबर तोच, तारीख तीच. तिचे पणजोबा धुळाप्पा त्याच कंपनीत होते. मेंढरं राखणारा माणूस, म्हणून त्यांना खेचरांवर नेमलेलं. माझ्यात त्यांच्याबद्दल एकच ओळ होती: ‘बर्फात वाट खचून अठरा खेचरे व काही हाकणारे दरीत कोसळले.’

खेचरं अठरा. माणसं काही.

धुळाप्पांचा मुलगा ज्ञानबा, म्हणजे ऋतुजाचे आजोबा. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. बाप गेला तेव्हा ते आईच्या पोटात होते. बाप बंदूक घेऊन सगळ्यांच्या आधी डोंगर चढला आणि तीस जर्मन लोळवले, हे ते जन्मभर सांगत आले. त्याच गोष्टीच्या जोरावर त्यांनी नातू उदयसिंहाला आयटीआयमधून काढून सैन्यभरतीच्या तयारीला धाडलं. तो खंडेनवमीला घरी येणार होता. त्याच्या आत ऋतुजा मला घेऊन गावी पोचली.

"आप्पा, पणजोबांकडं बंदूक नव्हती. खेचरं होती. हे वाचा."

आप्पांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. ‘काही’ या शब्दावर त्यांनी बोट टेकवलं आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. मला वाटलं, आता म्हातारा रडेल.

"खेचरं हाकत हुता म्हणून गावात सांगू व्हय? पोराची उमेद जाईल की."

"त्याला जायचं तर जाऊ दे. पण खरं वाचून जाऊ दे."

"लई शिकलीस. गप बस."

तिनं त्या पानात एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलं. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेल्यावर आप्पांनी मला उघडलं, ते पान टरकावलं आणि बंबात घातलं. त्याच पाण्यानं आंघोळ केली.

खंडेनवमीला मला कोयत्या-कुऱ्हाडीच्या मधे मांडलं. हळदकुंकू, झेंडू. उदयसिंह पाया पडला.

"ताई, तू फोनवर म्हणत हुतीस ते पान दाव की."

तिनं तिकिटापाशी मला उघडलं. डावीकडं दोनशे दहा, उजवीकडं दोनशे तेरा. मधे एक दातरी कड.

"हितं तर कायबी न्हाय गं."

"नसंलच," झेंडू सारखा करत आप्पा म्हणाले. "तुज्या पणज्याला दरीत ढकलाय निघाली हुती ही."

उदयसिंह हसला. ऋतुजा हसली नाही. आप्पांच्या तोंडाकडं ती बघतच राहिली. त्यांनी मान वर केली नाही.

परवा फोन आला, उदयसिंहाची निवड झाली. आप्पांनी गावभर पेढे वाटले. पहिला माझ्यापुढं ठेवला. मी आता लाल फडक्यात, देवघरात असतो. मला रोज हात जोडतात, उघडत कुणी नाही. ऋतुजा आप्पांशी बोलत नाही.

धुळाप्पांना मी नाव दिलं नव्हतं. नुसतं ‘काही’ म्हणालो होतो. ते माझं पाप. पण तेवढंही त्यांच्या मुलानं जाळलं.

जुनं पुस्तक घ्याल तेव्हा पानांचे आकडे एकदा तपासा. मधलं एखादं पान नसलं, तर दुकानदाराशी भांडू नका. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा.