धारच्या माई

माझे यजमान सुभाष दर रविवारी दहाच्या सुमाराला पिशवी घेऊन "कोथिंबीर आणतो" म्हणून निघायचे आणि पाऊण तासानं रिकामी पिशवी घेऊन परत यायचे. आमच्या चौकात भाजीवाला आहे आणि त्याला लागून एसटीडी-पीसीओ आहे. आमची मुलगी किमया पुण्यात आहे. मी कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही. दोन वर्षं आमच्या घरी रविवारचे पोहे कोथिंबिरीशिवाय झाले.

किमयाशी माझं बोलणं बंद होतं. ठरलेलं लग्न तिनं पत्रिका छापून झाल्यावर मोडलं आणि पुण्याची नोकरी धरली. निघताना दारात म्हणाली, "आई, तू मला एकदा तरी विचारलं होतंस का?" मी म्हटलं, "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस." राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. मिरजेला माहेरी हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि देवासात पोटच्या पोरीला ठाऊक नसावं असं काही नव्हतं. ती खरंच पुन्हा आली नाही.

दोन हजार चार साली आमचा प्रणव इंदूरला हॉस्टेलवर गेला आणि त्याचा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात बांधून गेला. जाण्याआधी त्यानं मला ई-मेल शिकवलं आणि माळव्यातल्या मराठी लोकांच्या एका ग्रुपमध्ये घातलं. एकानं पत्र लिहिलं की सगळ्यांना जातं, अशी ती व्यवस्था. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी.

"नाव काय टाकू? कुठलंही चालतं," प्रणव म्हणाला.

"चिऊ टाक."

तो हसला. हसू दे. माझी आई मला चिऊ म्हणायची. तिला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि तेव्हापासून मी सगळ्यांची काकू, मामी, वहिनी आणि शशिकलाबाई.

दुपारी जेवणं आटोपली की मी नेट लावायची. नेट चालू असलं की घरचा फोन बंद. किमया नेमकी तेव्हाच फोन करत असेल आणि तिला एंगेज लागत असेल, असं मी चार महिने स्वतःला सांगत होते. त्याआधीचे वीस महिने लाइन मोकळीच होती, पण तो विचार मी करत नसे.

ग्रुपवर पन्नासेक लोक होते. कोणी प्रतापराव संस्थानच्या काळातल्या शिकारीवर लिहायचे. मनातल्या मनात त्यांना मी मिशा दिल्या होत्या. आणि एक होत्या धारच्या माई. त्यांचं पत्र आलं की मी पदर सावरून बसायची. "आपले पत्र पावले, वाचून परम संतोष जाहला," असं त्या लिहायच्या. हरितालिकेला पत्री किती, ओटीत काय घालावं, आजेसासूला हाक काय मारावी, सगळं त्यांना पाठ. शेवटी "कळावे, लोभ असावा" हे ठरलेलं.

मला त्यांना डोळ्यांसमोर आणायला फार वेळ लागला नाही. पांढरा स्वच्छ अंबाडा, मऊ झालेलं तपकिरी नऊवारी, हातात झिजलेल्या दोन पाटल्या. वय ब्याऐंशी. कॉम्प्युटर त्यांना येणार नाही, म्हणून शेजारी टाइप करायला एक नातू बसवला. त्याचं नाव अजेय. एकदा माईंनी लिहिलं की गुडघ्यामुळे दोन दिवस लिहिता आलं नाही, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं आणि अजेयचा राग आला. आजीला जरा तेल चोळून द्यायला काय होतं या मुलाला?

हळूहळू मी त्यांना एकटीला वेगळी पत्रं लिहायला लागले. मी साष्टांग नमस्कार लिहायची, त्या अनेक आशीर्वाद लिहायच्या. मायन्यात मला "चि. सौ. कां. चिऊ" म्हणायच्या. चि. सौ. कां. लिहितात ते लग्नाच्या मुलीला. म्हातारपणी चुकायचंच, म्हणून मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

मग एक दिवस धीर करून विचारलं. "आम्ही दोघी, आई आणि मुलगी, दोन वर्षे एकमेकींशी बोललो नाही. आधी कोणी बोलावे?" मी यातली कोण, ते मुद्दाम लिहिलं नाही. माईंनी निःपक्षपाती निकाल द्यावा अशी इच्छा होती. निकाल आईच्या बाजूनं लागणार याची मला खात्री होती, म्हणून निःपक्षपातीपणा परवडत होता.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "आधी तूच बोलावेस. तू लहान आहेस. लहानास कमीपणा कसला?"

मी ते चार वेळा वाचलं. माईंपुढे मी लहान हे खरंच होतं. राग यायला हवा होता, आणि आलाही, पण "तू लहान आहेस" या तीन शब्दांवर येऊन तो अडत होता. बावन्नाव्या वर्षी असं कोण म्हणतं? तरी निकाल चुकीचाच होता. सगळी हकिगत समोर बसून सांगितली की माई तो बदलतील, असं ठरवून मी त्यांना लिहिलं की भेटायला येते. "अवश्य यावे," असं उत्तर आलं, खाली पत्ता.

शेजारची जैन मंडळी मिनीबस करून मोहनखेड्याला दर्शनाला निघाली होती. त्यांनी मला वाटेत धारला सोडलं, संध्याकाळी परत घेतो म्हणाले. मी बरोबर बेसनाचे लाडू घेतले होते, दात नसतील म्हणून तूप जास्त घालून मऊ केलेले. गुडघ्यासाठी तेलाची बाटली. आणि एक शाल.

पत्त्यावरचं दार एका पंजाबी ड्रेसमधल्या मुलीनं उघडलं. चोवीस-पंचवीसची असेल. डाव्या पायानं किंचित लंगडत होती.

"माई आहेत का?" मी विचारलं.

"हां, बोला ना."

मी तिच्या खांद्यावरून आत बघत होते. ती माझ्या खांद्यावरून बाहेर बघत होती.

"चिऊ नाही आली?" ती म्हणाली. "तुम्ही तिच्या मम्मी ना?"

"मीच चिऊ."

"मीच माई," ती म्हणाली.

आतून तिची आई आली आणि तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि खुलासा केला. मुलीला सासूबाईंचं नाव ठेवलेलं. "आता सासूबाईंचं नाव घेऊन मुलीला हाक कशी मारायची? आणि कान तरी कसा पिळायचा? म्हणून पाळण्यातच माई म्हटलं." सासूबाई मुलगी दोन वर्षांची असताना गेल्या होत्या. अंबाडा, पाटल्या आणि नऊवारी त्यांच्याबरोबर गेलं असावं. अजेय तर नव्हताच.

"पण तुझं मराठी?" मी विचारलं.

"शाळा तर हिंदी होती ना काकू. मराठी कोणी शिकवलंच नाही. घरी पणजोबांच्या चिठ्ठ्यांची एक पेटी आहे, ते कचहरीत होते. सुट्टीत पप्पा त्याच वाचवून घ्यायचे. मला तेवढंच येतं, रीतिरिवाजपण त्यातलेच. 'परम संतोष जाहला' याला दुसरं काय म्हणतात, मला खरंच नाही माहीत."

"आणि गुडघा?"

"स्कूटी स्लिप झाली होती."

मी लाडू काढले. तिनं एक उचलला आणि खूपच मऊ आहे म्हणाली. मला एकदम रडू आलं. चांगलं डोळ्यांना पदर लावून रडले मी, परक्याच्या घरी. त्या मुलीचा काही दोष नव्हता. पण सकाळी देवासहून निघाले तेव्हा मला वडीलधारं असं एक माणूस होतं, आणि आता नव्हतं.

"मला पण बुरा वाटतंय," माई म्हणाली. "घरात मी सगळ्यात छोटी. माझं कोणी ऐकत नाही. एक चिऊ ऐकायची. मी तिला दोन वेण्या दिल्या होत्या."

मग तिच्या एकदम काहीतरी लक्षात आलं. "म्हणजे काकू, ती आई-मुलगीवाली गोष्ट... त्यात तुम्ही आई?"

"हो."

"मग तर सगळं उलटंच झालं. मी तर मुलीला सांगत होते. लहान ती आहे. आधी तिनंच बोलायला पाहिजे."

निकाल बदलला होता. ज्यासाठी मी एवढ्या लांब आले ते मला मिळालं होतं, आणि तेही बाजू न मांडता. मी पाणी प्यायले.

"कशी आहे ती?" माईनं विचारलं.

"वाळली असेल," मी म्हणाले. "एकटी राहते, खाण्यापिण्याची आबाळ. पस्तावलीही असेल. पण हट्टी, कबूल करायची नाही. रडत असेल एकटीच."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे?"

तिनं तेलाची बाटली उघडून वास घेतला, थोडं हातावर घेतलं आणि सलवारीवरूनच गुडघ्यावर चोळलं. "मग काकू," ती म्हणाली, "तिला बघितलंय तुम्ही, का तीपण माझ्यासारखीच?"

तिनं ते उर्मटपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. निघताना ती वाकून माझ्या पाया पडली आणि मी सवयीनं "अनेक आशीर्वाद" म्हणाले. शाल मी तिच्या आईला दिली.

परतीच्या वाटेवर मिनीबसमध्ये भजनं चालू होती. मी खिडकीशी बसून किमयाला डोळ्यांसमोर आणत होते. दर वेळी तीच यायची, दारात उभी, डोळे लाल, खांद्याला निळी बॅग. दोन वर्षांत तिनं कपडेसुद्धा बदलले नव्हते. मी तिला वाळवली होती, रडवली होती, पस्तावायला लावली होती, आणि हे सगळं पुण्याच्या नाही, देवासच्या स्वयंपाकघरात, कुकर लावता लावता. त्यात अडचण एवढीच की मला फोन करायचा असता तरी तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. तो एकाच माणसाकडे होता.

रविवारी दहाला यांनी पिशवी घेतली.

"मी येते," मी म्हटलं.

"कुठे?"

"कोथिंबीर आणायला."

यांनी चपला घातल्या. बूथवाला यांना बघून म्हणाला, "आओ भिया," आणि माझ्याकडे बघून उभाच राहिला. "आज भाभीजी भी?"

यांनी कागद न बघता नंबर फिरवला, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि काचेच्या दारातून बाहेर गेले.

"बोला बाबा," किमया म्हणाली. तोंडात घास होता. मागे दोन मुली कशावर तरी खिदळत होत्या.

"मी बोलतेय."

मागचं हसणं चालूच होतं. घास गिळल्याचा आवाज मला ऐकू आला.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. बाहेर उभे आहेत."

"मग तू कशी काय?"

मी बसमध्ये सगळं ठरवलं होतं. लहानानं आधी बोलावं इथपासून सुरुवात करायची होती. त्यातलं काहीच आठवेना.

"तू काय खातेयस?" मी विचारलं.

"पोहे."

"कुणी केले?"

"मीच."

"तुला येत नाहीत पोहे."

"आता येतात, आई," ती म्हणाली.

मी तो रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि तिला म्हटलं, कसे करतेस ते सांग. कांदा आधी घालतेस की बटाटा, सगळं सांग, मला माहीत नाही. ती सांगायला लागली. मी एकदाही मध्ये बोलले नाही. पोह्यांवर कोथिंबीर घालते, म्हणाली.

बाहेर आले तर हे शेजारच्या भाजीवाल्यापाशी उभे होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच यांनी जुडी घेतली होती. घरी जाऊन निवडायला बसले तर पार जून निघाली, अर्धी पिवळी. हिरवी होती तेवढी मी पोह्यांवर घातली.