बेलाला कोण सांगणार

ज्ञानदाने खुणांच्या भाषेचा दुभाषी अभ्यासक्रम मुंबईला जाऊन पुरा केला, तो धाकट्या भावापायी. हर्षवर्धनला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वर्गातल्या बाईंनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावली होती : दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही.

दोन हजार तीनच्या भाद्रपदात अर्नाळ्याजवळच्या एव्हरशाईन सिटी या वसाहतीतल्या तिच्या घरी एका हवालदाराचा फोन आला. अर्नाळ्याची होडी वादळात उलटली होती. होडीवरचा सदानंद कसाबसा पोहत किनाऱ्याला लागला, पण त्याच्याबरोबरच्या जितेशचा पत्ता नव्हता. शोध थांबवलाय, आता त्याच्या बायकोचा जबाब हवा. "पण तिला ऐकू येत नाही मॅडम. तुम्हीच या."

ज्ञानदा पोहोचली तेव्हा जितेशची बायको बेला अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटेपालटे करत होती. ज्ञानदाने हात उचलले आणि आपलं नाव सांगितलं. बेला बघत राहिली, मग खुदकन हसली. पाहुणी हाताने काहीतरी गंमत करतेय, असंच तिला वाटलं. बेला कधी शाळेत गेलीच नव्हती. ज्ञानदा जी भाषा शिकून आली होती, तिच्यातला एक शब्दही बेलाला ठाऊक नव्हता.

"मग ही बोलते कोणाशी?" ज्ञानदाने विचारलं.

"माझ्याशी," सासू यमुना म्हणाली. "घरातल्या खुना हायेत आमच्या."

"मग तिला काय सांगितलंत, मावशी?"

यमुनेची नजर खाली गेली. "मासली लांब गेलीय. जितेश येल."

हवालदार ओट्यावर कागद घेऊन बसला होता. ज्ञानदा यमुनेला बाजूला घेऊन म्हणाली, "तिला खरं कळायला हवं. तुम्हीच सांगा."

"कशी सांगू गो बाय? माझ्या हातानं सांगायचं म्हंजे मीच त्याला बुडवायचा."

ज्ञानदा म्हणाली, "मग मला शिकवा. मी सांगेन."

दोघी घरामागे गेल्या. यमुनेने हनुवटीच्या मधोमध बोट टेकवलं. तिथे जितेशला खळी पडायची, म्हणून ते त्याचं नाव. मग तळहात हलवून समुद्र दाखवला. आजोबा वारले तेव्हाची खूण तिसरी : गळ्यात हार, मिटलेले डोळे. ज्ञानदाला ती नीट जमेना. यमुनेने पुन्हा करून दाखवली. हनुवटी, समुद्र, हार.

मागच्या दारात बेला उभी होती.

ती धावत आली आणि तिने यमुनेचे दोन्ही हात पकडून मुठीत घट्ट दाबून धरले. पुन्हा कोणी ती खूण करूच नये, असे. तिच्या घशातून निघालेला आवाज ऐकून ओट्यावरचा हवालदार उठून उभा राहिला. त्या दिवशी जबाब झाला नाही.

ज्ञानदा मात्र दर रविवारी अर्नाळ्याला येऊ लागली. सुरुवातीला बेला तिच्याकडे पाठ फिरवून बसायची. पुढे कधीतरी वळली. ज्ञानदा तिला आपल्या खुणा शिकवायची, तिच्या शिकायची. होळी येईपर्यंत बेलाला 'कसं', 'का', 'कोण' विचारता येऊ लागलं.

एके रविवारी बेला ज्ञानदाचा हात धरून तिला थेट बंदरावर घेऊन गेली. सदानंद जाळं दुरुस्त करत होता. घटना घडल्यापासून तो यमुनेच्या अंगणात फिरकला नव्हता. बेलाने विचारलं आणि ज्ञानदाने ते बोलून दाखवलं, "शेवटी त्याने कोणाला हाक मारली?"

सदानंदच्या हातातली सुई थांबली. "आयेला," तो म्हणाला. "दोनदा. मंग काय दिसलंच नाय."

बेला ज्ञानदाच्या हातांकडे डोळे लावून होती. 'आणि तुलाही' एवढं जोडायला फार तर एक खूण लागली असती. ज्ञानदाने जोडली नाही. हनुवटी, हाक, आई. दोनदा. मग काहीच नाही.

बेलाने मान हलवली. ती वळून घराकडे चालू लागली. यमुना चुलीपाशी होती. बेला तिच्यासमोर उकिडवी बसली, तिने पदराला आपले हात पुसले आणि सावकाश सांगायला सुरुवात केली. त्या घरात आजवर प्रत्येक बातमी बेलाला सगळ्यांच्या शेवटी कळायची. ही एकच तिला आधी कळली होती.